जमीन विकायची की राखायची, हा तिसरा प्रश्न आहे

कोकणात सध्या कुठेही चार माणसं जमली, मग ते लग्न असो, वाडीची बैठक असो की रेल्वेचा जनरल डबा, जमिनीचा विषय निघतोच आणि अर्ध्या तासात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जमीन म्हणजे आई, तिचा गुंठाही द्यायचा नाही. विकणारा तो करंटा. दुसरा तट बहुधा ठाणे-डोंबिवलीहून आलेला असतो, त्याच्या मोबाइलवर गुंतवणुकीचं अ‍ॅप असतं आणि त्याचं म्हणणं असतं, कातळाला कवटाळून तुम्हाला मिळालं काय? विका आणि म्युच्युअल फंडात टाका. पहिला भावनेने बोलतो, दुसरा टक्केवारीने. आवाज चढतात, चहा गार होतो, आणि ज्या घराच्या पैशावरून हे चाललेलं असतं त्या घराच्या हाती काही लागत नाही.

माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या टोकाने सुरू होतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या कुठल्याही कुटुंबाने पैशाचं नियोजन करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: जे आहे ते कागदावर कोणाच्या नावावर आहे? दुसरा: पैसा हातात कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात जातो? जमीन विकायची की राखायची हा तिसरा प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरं नसताना तिसऱ्यावर भांडणं म्हणजे ज्या बागेचा करारच झालेला नाही तिच्या पट्टीवरून, म्हणजे विक्रीच्या हिशेबावरून, वाद घालणं.

आधी जमीन राखा म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते बरंच आहे. कोकणात जमीन कुणाच्या पदरात सहजासहजी पडलेली नाही. खोतीच्या काळात नांगर कुळाने धरायचा, लावणी कुळाने करायची आणि खळ्यावरचं भात खोताच्या घरी जायचं. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला, अर्धपोटी राहून केला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणाऱ्याला मालक मानलं. ज्यांच्या आजोबांनी हे सोसलं त्यांना 'विकून टाका' हे दोन शब्द टोचले तर नवल काय?

दुसरा दाखला गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गावोगावच्या मनीऑर्डरी आटल्या. लालबाग-परळच्या खोलीतून गावी परतलेल्या माणसाला भाताचे चार कुणगे आणि डोक्यावर कौलं होती, म्हणून तो तगला. त्याच्याकडे तेव्हा जमीन नसती तर? तिसरी गोष्ट कायद्याची आहे आणि तट कोणताही असो, ती माहीत हवी: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. सगळी विकून मोकळा झालेला माणूस उद्या पैसा आला तरी पुन्हा शेतजमीन घ्यायला निघाला की अडकतो. आणि कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागण्याआधी ज्यांनी एकरांनी जमिनी मातीमोल दिल्या, ती घरं अजून हळहळतात. ही हळहळ खोटी नाही.

आता दुसऱ्या तटाचं खरं काय? जमिनीच्या भावाबद्दल आपण हिशेब न करता बोलतो. समजा, वडिलांनी ३० वर्षांपूर्वी १ लाखाला घेतलेली जागा आज ८ लाखांना मागतात. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात: आठपट! पण ३० वर्षांत आठपट म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट, आणि दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. पोस्टातल्या पीपीएफचा दर २००० सालच्या जानेवारीपर्यंत १२ टक्के होता, नंतर उतरत उतरत २०२० पासून ७.१ टक्क्यांवर थांबला. म्हणजे या ३० वर्षांत सरासरीने पीपीएफने त्या जागेला मागे टाकलं, तेही गडगा न बांधता, वणवा न विझवता आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून न भांडता. ज्या कातळावर गवतापलीकडे काही उगवत नाही, तो काही प्रत्येक वेळी सोन्याची खाण नसतो, हे अ‍ॅपवाल्या तटाचं म्हणणं बरोबर आहे.

मग दोघंही बरोबर असतील तर भांडण कशाचं? दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: की जमीन विकता येते. राखणारा म्हणतो 'विकणार नाही', विकणारा म्हणतो 'विकू'. दोघांनी मिळून एकदा सातबारा काढून बघावा.

कोकणातला सामाईक सातबारा ज्याने नीट वाचलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. कब्जेदाराच्या रकान्यात नावांची रांग. त्यात पणजोबांच्या वेळचा कुणीतरी ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेला. त्याच्या एका नावाखाली तीन भावांच्या शाखा गडप. कुणाची नावं कंसात गेलेली, म्हणजे कमी झालेली, कुणाची मरून तीस वर्षं झाली तरी कंसाबाहेर. समोर हिस्सा लिहिलेला दोन आणे आठ पै. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं काही फेरफारात आहेत, काहींत नाहीत. इतर हक्कात १९६०-६५ च्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, जो फिटला कधीच, पण कमी कुणी केला नाही. क्षेत्र ३ हेक्टर ४० आर, आणि त्यातली आपली बाग नेमकी कुठली हे फक्त वहिवाटीने ठाऊक. पोटहिस्सा पडलेला नाही, मोजणी झालेली नाही. या कागदावर घराची लाखोंची संपत्ती आहे असं आपण मानतो. बँकेत हा सातबारा कर्जासाठी ठेवला की समोरचा अधिकारी पहिल्यांदा नावं मोजतो आणि चाळीसपुढे गेला की पेन खाली ठेवतो.

खोतीविरुद्धच्या लढ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यातला हाही भाग आठवावा. १ एप्रिल १९५७ ला कूळ म्हणून ज्याची नोंद होती त्याचं काम सोपं झालं. जो पिढ्यान् पिढ्या कसत होता पण कागदावर नव्हता, त्याला पुरावे गोळा करत मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. घाम दोघांचा सारखाच, फरक एका ओळीचा. गिरणी संपाचंही तेच. पुढे कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघू लागली तेव्हा कामगार नसेल तर वारसाने अर्ज करायचा होता, आणि मग बापाचं गिरणीतल्या ओळखीचं तिकीट, पीएफचा कागद, वारसाचा पुरावा अशी ट्रंका उचकण्याची धांदल उडाली. ज्या घरात कागद जपले त्या घराचा अर्ज पुढे सरकला. आपल्या इतिहासाने एवढ्या स्पष्टपणे शिकवलेला धडा आपण आर्थिक नियोजनात धरतच नाही, कारण गुंतवणुकीची भाषणं नावावर झालेल्या पैशापासून सुरू होतात.

मुलींचा प्रश्न तर कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: हयात असण्याची गरज नाही. तरीही गावोगाव 'ताई काय मागणार थोडीच, सही करेल' या भरवशावर व्यवहार ठरतात, टोकन घेतलं जातं आणि मग खरेदीदाराचा वकील ताईचं हक्कसोडपत्र मागतो. ताईने का सोडावा हक्क, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. बायकोचीही तीच गत. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लागतं, पण किती जणांनी लावलं? नवरा गेल्यावर दिरांच्या मर्जीवर राहणाऱ्या बाईला तिच्या नवऱ्याने आयुष्यभर राखलेली जमीन काय उपयोगाची?

नॉमिनीबद्दल असाच गैरसमज. बँकेत, डिमॅटमध्ये नॉमिनी लावला की झालं, असं सुशिक्षितही समजतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार लागतात. (मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, तेव्हा तिथे हयातीतली व्यवस्था जास्त महत्त्वाची.) एवढं असूनही मृत्युपत्राचं नाव काढलं की घरातली वडील मंडळी 'मला मारायला टपलात का' म्हणून उठून जातात.

हा झाला पहिला प्रश्न. दुसऱ्यावर एसआयपीवाल्यांची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाका म्हणणाऱ्यांची, गाडी घसरते.

त्यांचं सगळं गणित महिन्याच्या पगारावर बेतलेलं आहे. पगाराचे ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला. सहा महिन्यांचा खर्च आणीबाणीसाठी बाजूला. दर महिन्याच्या पाच तारखेला एसआयपी. आता हे देवगड, राजापूर किंवा गुहागरच्या बागायतदाराला लावून बघा. त्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, तोही वाशीच्या दलालाच्या पट्टीवर. खर्च मात्र ऑगस्टपासून सुरू: खत, मोहोर धरायला लागणारं कल्टार, मोहोरावरच्या फवारण्या, राखणीला ठेवलेल्या गुरख्याचा पगार, मग काढणीची मजुरी, पेट्या, गाडीभाडं. मध्ये गणपती, मध्ये मुलांच्या फिया, मध्ये शिमगा.

समजा, सगळी उचल आणि मजुरी फिटून मेअखेर त्याच्या खात्यावर ५ लाख उरले. पावणेरावळे म्हणतात, यंदा पाच लाख झाले! शहरातला सल्लागार म्हणतो, वीस टक्क्यांनी एक लाख गुंतवा. दोन्ही आकडे चूक. त्यातले दीड लाख पुढच्या हंगामाचं भांडवल आहेत, त्याला उत्पन्न म्हणायचंच नाही. राहिले साडेतीन. घरखर्च महिना २२ हजार धरला तर वर्षाचे २ लाख ६४ हजार. राहिले ८६ हजार. त्यातून आरोग्य विमा आणि मुदतीच्या विम्याचे हप्ते मिळून ३० हजार गेले. उरले ५६ हजार. खरी बचत ही. फंडात काय, पीपीएफमध्ये काय किंवा मुलीच्या सुकन्या खात्यात काय, टाकायची रक्कम एवढीच आहे, आणि ती मे महिन्यात एकदाच ठरवून टाकायची. दरमहा एसआयपी लावून डिसेंबरात, ऐन फवारणीच्या दिवसांत, खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत जाण्यात कसली शिस्त आली?

घरखर्चाचे २ लाख ६४ हजार वेगळ्या खात्यात ठेवून बँकेला कायमची सूचना द्यावी की दर एक तारखेला २२ हजार रोजच्या खात्यात वळते करा. म्हणजे बागायतदाराने स्वतःला पगार सुरू केला. यात नवं काही नाही. आपल्या आज्या मे महिन्यात आगोटीची बेगमी करत: तांदूळ, सोलं, सुका जवळा, सोडे, पापड, पडवीत लाकडं, सगळं पावसाचे चार महिने पुरेल असं मोजून. कणगीतला तांदूळ श्रावणात संपला तर सुनेला बोलणी बसत. त्याच घरात आता पट्टीचे पैसे आले की मेमध्ये गाडी बुक होते आणि ऑगस्टात कल्टारसाठी दलालाकडे उचल मागितली जाते. या उचलीला व्याज दिसत नाही म्हणून ती फुकट वाटते. किंमत अशी, की आंबा कुठे आणि कधी पाठवायचा हे ठरवायचा हक्क तुम्ही तेव्हाच विकून बसता. उलट पीककर्ज आहे: केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला बिनव्याजी पडतं. पण त्यासाठी पुन्हा काय लागतं? स्वतःच्या नावाचा सातबारा.

सहा महिन्यांच्या आणीबाणी निधीचा नियमही इथे लंगडा पडतो. नोकरी गेलेल्याला सहा महिन्यांत दुसरी मिळू शकते. मोहोर गेलेल्याला पुढचा मोहोर वर्षानेच येतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंबा झाडावर होता. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली. पोफळ पडली की उत्पन्न एका वर्षाचं जात नाही, रोप लावून पुन्हा फळ धरेपर्यंतचं जातं. फळपीक विमा जरूर काढावा, पण तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. पाऊस तुमच्या कलमांवर पडला आणि केंद्रावर नाही पडला, तर भरपाईचा निकष लागत नाही. तेव्हा बागायतदाराचा निधी म्हणजे एक पूर्ण हंगाम: वर गणिलेल्या घरात २ लाख ६४ हजार घरखर्च आणि दीड लाख भांडवल, एकूण ४ लाख १४ हजार. वर्षाला ५६ हजारांनी तो जमवायला सात वर्षांहून जास्त लागतील, आणि सात वर्षांत एक तरी हंगाम बुडाल्याशिवाय राहत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, जमिनीच्या प्रश्नाकडे आपण याच्याच जोरावर परत जाणार आहोत.

मच्छीमाराचं वेळापत्रक याहून वेगळं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खलाशाची पाती, म्हणजे मासळीतला वाटा, थांबलेली. त्याची बेगमी दोन महिन्यांची हवी आणि ती मार्चपासून बाजूला पडायला हवी, कारण मेमध्ये जाळी आणि इंजिनाचा खर्च अंगावर येतो. त्याच्या बायकोकडे रोज रोख येतो, म्हणून भिशी आणि बचतगट तिला एसआयपीपेक्षा बरे जमतात. त्याला नाक मुरडू नये. आखातात गेलेल्या खेड-म्हसळ्याच्या माणसाचा पैसा दरमहा येतो, पण पन्नाशीनंतर एकदम थांबतो आणि पेन्शन नसते. त्याने गावात तीन मजली घर बांधून ठेवलं तर म्हातारपणी तो घर खाणार आहे का? आणि मुंबईच्या चाकरमान्याचं सगळं नियोजन डोंबिवलीच्या हप्त्यावर आणि गणपतीच्या खर्चावर तोलून असतं. चार घरं, चार वेळापत्रकं. या सगळ्यांना एकच सूत्र विकणाऱ्याच्या सल्ल्यात त्याचं कमिशन किती आणि तुमचं हित किती, हे विचारायला लाजू नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना. कोकणात निम्म्या विमा पॉलिसी नात्याच्या भिडेखातर घेतलेल्या असतात असं मला वाटतं, आणि भिडेच्या पॉलिसीत संरक्षण तोकडं नि परतावा त्याहून तोकडा.

विम्याचं थोडक्यात सांगतो. बँकेत खातं असलेल्या १८ ते ५० वयाच्या माणसाला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन ज्योती विमा आणि ७० वयापर्यंत २० रुपयांत २ लाखांचा अपघाताचा सुरक्षा विमा मिळतो. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात, तेव्हा त्या आठवड्यात खातं रिकामं ठेवू नये. एवढ्याने कुटुंब चालत नाही, कमावत्या माणसाला मुदतीचा विमा वेगळा हवाच. पण खलाशाच्या घरात हेही नसणं अक्षम्य आहे. आरोग्य विमा कोकणात शहरापेक्षा जास्त लागतो, कारण मोठं दुखणं आलं की रत्नागिरीहून कोल्हापूर आणि सावंतवाडीहून गोव्यातली बांबोळी गाठावी लागते; उपचार मोफत झाले तरी नातेवाइकांचं राहणं-खाणं आणि बुडालेले दिवस कुणी भरून देत नाही. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हा ती सबबही उरली नाही.

आणि पैसा ठेवायचा कुठे? दोन टक्के जास्त देते म्हणून गावच्या पतसंस्थेत सगळं ठेवणारे पुष्कळ. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांचं विमा संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. हंगामाचा निधी तिथे ठेवणं म्हणजे छत्री उधार देऊन पावसात निघणं. नव्वदच्या दशकात सागवानाच्या रोपांवर वीस वर्षांत लाखो रुपये देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आठवतात का? झाडं लावायची, राखायची, त्यांना काय लागतं हे कोकणी माणसाला उपजत ठाऊक. तरी कागदावरच्या सागाला पैसे देणारे आपल्यातही होते. शेवटी १९९९ मध्ये सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, अशा योजनांसाठी नियम करावे लागले.

आता तिसरा प्रश्न. कागद सरळ झाले, हंगामाचं गणित मांडून झालं, तर जमीन विकावी का? माझं उत्तर: सगळी कधीच नाही, राहतं घर, पाण्याची जागा आणि चालती बाग तर नाहीच. पण घरापासून लांब पडलेला, कुणी न फिरकणारा कातळाचा तुकडा विकून जर तो ४ लाख १४ हजारांचा हंगामाचा निधी एका दमात उभा राहत असेल, तर तो विकणं ही जमीन राखण्याचीच रीत आहे. निधी नसलेलं घर एका बुडालेल्या हंगामात दलालाकडे जातं, दोन बुडाल्यावर सोनं तारण पडतं, आणि तिसऱ्या वेळी घाईघाईत, मिळेल त्या भावाला, नेमकी चांगली जमीनच विकतं. जमीन खरी जाते ती अशी. 'इंचही नाही' म्हणणाऱ्यांनी गावातल्या गेलेल्या जमिनी आठवून पाहाव्यात: त्यातल्या किती चैनीसाठी गेल्या आणि किती दवाखान्यासाठी?

विकलीच, तर करही समजून घ्या. १० हजार ते १ लाख वस्तीच्या नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीपासून २ किलोमीटरपलीकडची शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तीच जमीन एन.ए., म्हणजे बिगरशेती, करून प्लॉट पाडून विकलीत की ही सवलत गेली. दलाल हे सांगत नाही. आणि त्या पैशातून अकरा महिने कुलूप लागणारा स्लॅबचा बंगला बांधायचा असेल, तर मात्र मी पहिल्या तटात जाऊन बसेन: नका विकू. उत्पन्न न देणारी जमीन देऊन उत्पन्न न देणारी भिंत घेण्यात नियोजन कसलं?

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत जड आहे: नावांची, हिश्श्यांची भाषा काढली की घर फुटतं. गणपतीला एकत्र येणारे भाऊ पुढच्या वर्षी वेगळे गणपती आणतात. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण वारस नोंद आणि वाटप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिली टाळतो ती दुसरीच्या भीतीने. वारस नोंदीने कुणाचा गडगा हलत नाही, चूल वेगळी होत नाही, मूळ गणपतीचा मान बदलत नाही. मेलेल्याच्या जागी जिवंतांची नावं लागतात, इतकंच. घरं फुटतात ती बहुतेक नोंद न झालेल्या घरांतच, कारण तिथे तिसऱ्या पिढीला कुणाचा किती हिस्सा हे ऐकीव माहितीवर ठरवावं लागतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते गेलेले असतात. आज ऐंशीला टेकलेली काकी सांगू शकते की अमुक आंबा कुणी लावला आणि अमुक कुणगा कुणाला तोंडी दिला. ती गेल्यावर हे दिवाणी न्यायालयात साक्षीदारांकडून काढावं लागेल. सरकारने एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेतली ती याच कामासाठी, आणि वारसाचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं नि पत्ते, आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मग तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मुंबई, पुणे, बडोदा, मस्कत अशा चार दिशांना पांगलेल्या भावंडांचे पत्ते आणि सह्या एका ठिकाणी मिळायचे दिवस वर्षात किती? गणपतीचे पाच किंवा सात. यंदा त्यातला एक दुपारचा तास पत्त्यांच्या डावाऐवजी या अर्जाला द्यावा, काकीला मध्ये बसवावं, आणि यादीत आत्यांची नावं कुणी सुचवायची वाट न पाहता पहिल्यांदाच लिहावीत.